उद्दीप्त अणूचें आयुष्य

मालवणच्या उत्तरेस तोंडवली नांवाचें एक किनाऱ्यावरील गांव आहे. तोंडवली-तळाशीलची भूमि म्हणजे वाळूची एक अरुंद पट्टी. पश्चिमेस अरबी समुद्र आणि पूर्वेस खाडी. सुरूच्या झाडांतून थोडें चाललें कीं एका पाण्यावरून दुसऱ्या पाण्यावर जातां येतें. वारा पडलेला असतांना समुद्राच्या संथ पाण्यांत कोणी दगड टाकला तर वर्तुळें उठतात, रुंदावत जातात आणि थोड्याच अंतरावर नाहींशीं होतात. तोच दगड खाडीच्या एकाद्या चिंचोळ्या फांट्यांत पडला तर उठलेल्या लाटेला पसरावयास जागाच नसते. दोन्ही कांठांमध्यें कोंडलेली ती लाट वर किंवा खालीं अशा दोनच दिशांनीं चालते, आणि बऱ्याच दूर बांधलेल्या होडीलाही हेलकावा देऊन जाते. हात तोच, दगडही तोच. ऊर्जेनें कोणती वाट धरावी हें मात्र पाण्याच्या आकारानें ठरविलें.

अणूच्या बाबतींत याहून एक पाऊल पुढची गोष्ट घडते. अणूनें सांठविलेली ऊर्जा कोणत्या दिशेनें जावी एवढेंच नव्हे, तर ती केव्हां सुटावी हेंदेखील त्याच्या भोंवतालच्या जागेच्या आकारावर अवलंबून असतें. हें ध्यानांत येण्यास भौतिकशास्त्रज्ञांना तीस वर्षें लागलीं, आणि त्याचा हवा तसा उपयोग करतां येण्यास आणखी साठ.

उद्दीप्त अणु म्हणजे काय, हें प्रथम सांगितलें पाहिजे. १९१३ सालीं नील्स बोर यांनीं असें प्रतिपादन केलें कीं, अणूंतील इलेक्ट्रॉन वाटेल त्या ऊर्जेचा असूं शकत नाहीं. जिन्याच्या पायऱ्यांप्रमाणें त्याला ठराविकच जागा आहेत. वरच्या पायरीवर चढलेला अणु तो उद्दीप्त अणु. तो खालीं उतरतो तेव्हां दोन पायऱ्यांमधील फरकाइतकी ऊर्जा प्रकाशाच्या एका कणाच्या, म्हणजे फोटॉनच्या, रूपानें बाहेर पडते. १९१६ सालीं आइन्स्टाइन यांनीं या चढउताराचा जमाखर्च मांडला. बाहेरून आलेल्या प्रकाशानें अणु वर चढतो, बाहेरून आलेल्याच प्रकाशाच्या धक्क्यानें तो कधीं खालीं येतो, आणि कधीं कोणताही धक्का नसतां आपण होऊन उतरतो. या तिसऱ्या प्रकारास स्वयंस्फूर्त उत्सर्जन असें म्हणतात. अमुक एक अणु कोणत्या क्षणीं उतरेल हें सांगतां येत नाहीं. दर सेकंदास त्याच्या उतरण्याचा संभव किती, एवढेंच सांगतां येतें. उत्सर्जनाची वेळ व दिशा हीं यदृच्छेवर सोडावीं लागावींत ही आपल्या सिद्धांताची उणीव आहे, असें स्वतः आइन्स्टाइन यांनीं त्याच वेळीं नमूद करून ठेविलें आहे. ही बोंच त्यांना जन्मभर राहिली.

कारणमीमांसा १९२७ सालीं डिरॅक यांनीं दिली. पूर्ण रिकामें, पूर्ण काळोखी अवकाशसुद्धां पुंजभौतिकीच्या दृष्टीनें निश्चल नसतें. त्यांत सर्व कंपनसंख्यांच्या विद्युच्चुंबकीय लहरींना वाटा उघड्या असतात, आणि अणु त्या वाटांशीं सदैव जोडलेला असतो. वाटा असंख्य असल्यामुळें एकदां गेलेली ऊर्जा परत येत नाहीं. १९३० सालीं वाइसकॉफ व विग्नर यांनीं या विचारावरून दाखविलें कीं, उद्दीप्त अवस्थेचा ऱ्हास चक्रवाढ व्याजाच्या उलट नियमानें होतो: ठराविक काळांत निम्मे अणु उतरतात, तितक्याच काळांत उरलेल्यांपैकीं निम्मे, आणि याप्रमाणें पुढें. हा काळ किती, हें अवस्थेपरत्वें विलक्षण बदलतें. हायड्रोजनचा अणु अतिनील प्रकाश देणाऱ्या आपल्या पहिल्या वरच्या पायरीवर सरासरी अवघा १·६ अब्जांश सेकंद टिकतो. त्याच अणूची तळची पायरीही अगदीं सूक्ष्म भेदानें दुभंगलेली आहे. तिच्या वरच्या भागावरून खालीं येतांना २१ सेंटिमीटर लांबीची रेडिओलहर निघते, आणि त्यासाठीं एकाकी अणूला सरासरी एक कोटी दहा लक्ष वर्षें थांबावें लागतें. कंपनसंख्या घटली कीं उत्सर्जनाचा वेग तिच्या घनाच्या प्रमाणांत घटतो, आणि येथें उत्सर्जन चुंबकीय जातीचें असल्यामुळें मुळांतच दुबळें. संख्या कितीही भिन्न असल्या तरी प्रत्येक संख्या त्या त्या अणूची जन्मखूण मानली जाई. ती बदलतां येईल असें कोणाच्या मनांत आलें नाहीं.

आतां दुसरा धागा. १८९५ च्या सुमारास कलकत्त्यास जगदीशचंद्र बोस हे कांहीं मिलिमीटर लांबीच्या विद्युल्लहरींवर प्रयोग करीत होते, आणि त्या लहरी हव्या त्या दिशेनें न्याव्या म्हणून पोकळ धातूच्या नळ्या व कर्णे वापरीत होते. १८९७ सालीं लॉर्ड रॅले यांनीं अशा नळीचें गणित केलें. त्यांतून निघालेली महत्त्वाची गोष्ट अशी कीं, नळीच्या रुंदीला एक उंबरठा असतो. चौकोनी नळीच्या रुंद बाजूच्या दुपटीहून अधिक लांबीची लहर त्या नळींतून जाऊंच शकत नाहीं, तोंडाशींच मरते. पुढें जवळजवळ चाळीस वर्षें या गणिताचें कोणाला स्मरण नव्हतें. १९३६ सालीं अमेरिकेंत साउथवर्थ व बॅरो यांनीं स्वतंत्रपणें तें पुन्हां शोधून काढलें, आणि लौकरच दुसऱ्या महायुद्धांतील रडारयंत्रांनीं ही लहरवाहक नळी, अभियंत्यांच्या बोलींत वेव्हगाइड, जगभर नेली.

मॅसॅच्युसेट्सच्या युद्धकालीन रडार प्रयोगशाळेंत काम केलेले एडवर्ड पर्सेल यांनीं हे दोन धागे एकत्र बांधले. १९४६ सालीं अमेरिकन भौतिकी परिषदेच्या वृत्तांत त्यांचें एक टिपण छापून आलें. लांबी एका परिच्छेदाची. एवढ्याशा जागेंत इतका दूरगामी विचार क्वचितच मावला असेल. त्यांचें म्हणणें असें: रेडिओच्या कंपनसंख्येवर, म्हणजे सेकंदास एक कोटी कंपनांवर, अणुकेंद्रकाच्या चुंबकाचें स्वयंस्फूर्त उत्सर्जन मोकळ्या अवकाशांत इतकें मंद आहे कीं त्याला ५ वर २१ शून्यें इतके सेकंद लागतील, विश्वाचें वय त्यापुढें कांहींच नाहीं. परंतु तोच चुंबक एका अनुनादक विद्युन्मंडलाशीं जोडला, तर असंख्य वाटांच्या ऐवजीं त्याला एकच, पण अतिशय प्रशस्त वाट मिळते, आणि उत्सर्जन प्रचंड पटीनें त्वरित होतें. धातूचे सेंटिमीटरच्या सहस्रांश व्यासाचे कण त्या द्रव्यांत मिसळले तर तो काळ मिनिटांवर येईल, असा त्यांचा हिशेब होता. अणूचें आयुष्य ही त्याची खाजगी बाब राहिली नाहीं. त्यांत शेजाऱ्यांचा हात असतो, हें प्रथम येथें उघड झालें.

याच पर्सेल यांनीं १९५१ सालीं यूएन यांच्यासह आकाशगंगेंतील हायड्रोजनची २१ सेंटिमीटरची लहर प्रथम पकडली. एकेका अणूला कोट्यवधि वर्षें लागत असलीं तरी अणूंची संख्या अगणित असल्यामुळें ती ऐकूं येते. पुणें जिल्ह्यांत नारायणगांवाजवळ खोडद येथें गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखालीं उभारलेली ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची दुर्बीण दूरच्या दीर्घिकांतून येणारी, लांबलेली हीच लहर टिपते.

१९५४ सालीं रॉबर्ट डिकी यांनीं आणखी एक विचार मांडला. एकाच ठिकाणीं पुष्कळ उद्दीप्त अणु असले तर ते एकएकटे उतरत नाहींत. लहरलांबीहून जवळ असलेले अणु एकाच लहरींत बोलतात. दोन अणूंचेंच पाहिलें तर ते तालांत असतां दुप्पट वेगानें ऊर्जा टाकतात. परस्परविरुद्ध तालांत असतां मात्र एकाची लहर दुसऱ्याची लहर पुसून टाकते, आणि ऊर्जा आंतच अडकून राहते. पहिल्या प्रकारास अतिदीप्ति व दुसऱ्यास मूक अवस्था म्हणतां येईल. या विषयाशीं मुंबईचा संबंध बराच जुना आहे. सत्तरच्या दशकांत टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत काम करीत असलेले गिरीश अग्रवाल यांनीं स्वयंस्फूर्त उत्सर्जनाच्या पुंजसांख्यिकीवर लिहिलेला प्रबंधग्रंथ १९७४ सालीं जर्मनीच्या स्प्रिंगर प्रकाशनानें छापला, आणि अनेक अणूंच्या सामुदायिक उत्सर्जनाचा विचार करणारे अभ्यासक अद्यापि त्याचा आधार घेतात.

प्रयोगानें हें सिद्ध होण्यास मात्र आठवें दशक उलटावें लागलें. अडचण लांबीची होती. दृश्य प्रकाशाची लहर मिलिमीटरच्या सहस्रांश भागाच्या सुमारें निम्मी. तिच्या मापाची पेटी त्या काळीं कोण घडविणार? १९८१ सालीं डॅनियल क्लेप्नर यांनीं उलट वाट सुचविली. अणूलाच इतकें फुगवावें कीं त्याची लहर पेटीच्या मापाची होईल, आणि मग त्याला रॅले यांच्या उंबरठ्याखालच्या जागेंत ठेवावें. बाहेर जाण्यास वाटच नसली तर तो उतरेल कसा? १९८३ सालीं पॅरिसमध्यें सर्ज आरोश व त्यांचे सहकारी यांनीं सोडियमचे असे फुगीर अणु अनुनादक पेटींत सोडून उत्सर्जन त्वरित झाल्याचें दाखविलें. १९८५ सालीं क्लेप्नर यांच्या प्रयोगशाळेंत सीझियमचे अणु दोन समांतर धातुपट्ट्यांमधून पाठविले, तेव्हां त्यांचें आयुष्य निदान वीस पटींनीं वाढलें.

पुढें या कथेंत अणूच्या जागीं मनुष्यानें घडविलेलें मंडल येतें. १९६२ सालीं केंब्रिजचा बावीस वर्षांचा विद्यार्थी ब्रायन जोसेफसन यानें भाकीत केलें कीं, दोन अतिवाहक धातूंमध्यें विद्युद्रोधकाचा अत्यंत पातळ थर असला तरी त्यांतून रोधाविना प्रवाह वाहील. असा सांधा असलेल्या मंडलाचा एक गुण फार उपयोगी आहे. साध्या मंडलांत ऊर्जेच्या पायऱ्या सारख्या उंचीच्या असतात. सांधा घातला कीं त्या असमान होतात, आणि त्यामुळें खालच्या दोनच पायऱ्या वेगळ्या काढून वापरतां येतात. १९८४ व १९८५ सालीं बर्कली येथें क्लार्क, देव्होरे व मार्टिनिस यांनीं डोळ्यांना दिसण्याइतक्या मोठ्या मंडलाला अशा पुंजरूप पायऱ्या असतात हें दाखविलें. त्याबद्दल त्यांना २०२५ चें नोबेल पारितोषिक मिळालें. या दोन पायऱ्यांना शून्य व एक मानून गणना करणारें एकक तें क्यूबिट. जपानांत त्सुकुबा येथील नाकामुरा, पाश्किन व साई यांनीं १९९९ सालीं असें पहिलें मंडल हवें तसें चालवून दाखविलें. त्याची स्मृति कांहीं अब्जांश सेकंदांतच पुसली जात होती.

क्यूबिटची कंपनसंख्या सामान्यतः सेकंदास पांच अब्जांच्या आसपास असते, म्हणजे लहर सहा सेंटिमीटरांची. रडारच्या अभियंत्यांनीं सिद्ध करून ठेविलेल्या नळ्या व तारा येथें आयत्याच कामीं आल्या. फक्त हें सर्व निरपेक्ष शून्यावर अंशाच्या एकदोन शतांश इतक्या थंडींत ठेवावें लागतें. एरवीं उष्णतेच्या लहरीच क्यूबिटला वरखालीं ढकलीत राहतात.

आतां खरा पेंच. क्यूबिटची ऊर्जा गळाली म्हणजे एकाचें शून्य झालें, आणि तेवढा हिशेब चुकला. ती गळूं नये म्हणून त्याला सर्व बाजूंनीं बंद करावें, तर त्याला आज्ञा कशी द्यावी आणि त्याचें उत्तर कसें वाचावें? वाचण्यासाठीं तार जोडावी, तर तीच तार पर्सेल यांनीं सांगितलेली प्रशस्त वाट बनते. येल विद्यापीठांत २००४ सालीं क्यूबिट व अनुनादक यांची सांगड घातली गेली. परंतु क्यूबिटांचीं आयुष्यें हिशेबाशीं जुळेनात. २००८ सालीं तेथेंच कारण सांपडलें. अनुनादकाचा मूळ स्वरच नव्हे, तर त्याचे वरचे सर्व स्वरही ऊर्जेला वाट देत होते. तंबोऱ्याची एक तार छेडली असतां वरचे स्वर आपोआप उमटतात, तसाच हा प्रकार; शास्त्रज्ञांनीं मात्र पहिल्याच स्वराचा हिशेब धरला होता. २०१० सालीं तारेवर एक गाळणी बसविण्यांत आली. क्यूबिटच्या कंपनसंख्येची लहर ती अडविते, वाचनाची जाऊं देते. या प्रयोगांतील अधिक मार्मिक भाग निराळाच आहे. क्यूबिटची कंपनसंख्या क्षणांत सरकवून त्याचें आयुष्य पन्नास पटींच्या टप्प्यांत कमीजास्त करतां आलें, आणि ज्या गळतीला सर्व कंटाळले होते तिच्याच साहाय्यानें १२० अब्जांश सेकंदांत क्यूबिट ९९·९ टक्के खात्रीनें रिकामा करतां आला. पाटी पुन्हां लिहिण्यापूर्वीं पुसावी लागतेच.

त्याच वर्षीं त्सुकुबाच्या आस्ताफिएव्ह प्रभृतींनीं उलटें टोक गांठलें. त्यांनीं गळती अडविण्याचा यत्नच सोडला आणि एकच क्यूबिट उघड्या लहरवाहक मार्गाशीं इतका घट्ट जोडला कीं त्याला ऊर्जा टाकण्यास त्या मार्गावांचून जणूं दुसरी वाट उरूं नये. खाडींतील लाटेप्रमाणें उत्सर्जन दोनच दिशांना होऊं लागलें. अशा मार्गावर जुळत्या कंपनसंख्येची क्षीण लहर सोडली तर क्यूबिट ती घेतो आणि पुढें व मागें सारखीच परत फेकतो. पुढें फेकलेली लहर मूळ लहरीच्या नेमक्या विरुद्ध तालांत असल्यामुळें दोन्ही परस्परांस पुसतात. उरते ती मागें जाणारी. एकटा क्यूबिट आरशाचें काम करतो! या प्रयोगांत मार्गावरील ९४ टक्के शक्ति अशा रीतीनें अडली. लहर प्रबळ केली कीं मात्र आरसा निकामी होतो, कारण क्यूबिट एका वेळीं एकाहून अधिक फोटॉन हाताळूं शकत नाहीं.

मग डिकी यांच्या जोडीकडे लक्ष जाणें क्रमप्राप्तच होतें. मोकळ्या अवकाशांत अणु लहरलांबीहून दूर गेले कीं त्यांचें साहचर्य झपाट्यानें विरतें. लहरवाहक मार्गांत लहर पसरत नसल्यामुळें तें टिकून राहतें. २०१३ सालीं झूरिच येथें दोन क्यूबिट सुमारें एका लहरलांबीच्या अंतरावर ठेवून अतिदीप्ति व मूक अवस्था या दोहोंचेंही दर्शन घडविण्यांत आलें. २०२२ सालीं इन्सब्रुकच्या प्रयोगशाळेनें चौकोनी नळींत चार क्यूबिट बसवून मूक अवस्था सिद्ध केली. एकटा क्यूबिट त्या नळींत जितका टिकतो त्याच्या शेंकडो पटींच्या घरांत ती अवस्था टिकली. येथें एक गंमत आहे. जी अवस्था नळींत ऊर्जा टाकीत नाहीं ती नळीकडून ऊर्जा घेतही नाहीं. तेव्हां या शास्त्रज्ञांना नळीच्या भिंतींतून वेगळी वाट काढून, क्यूबिटांना बाजूनें छेडावें लागलें.

मुंबईस कुलाब्याच्या टोकाशीं, समुद्रास लागून, टाटा संस्थेंत हें काम २०१२ च्या अखेरीपासून चालूं आहे. तें आरंभणारे राजामणि विजयराघवन हे येल येथें देव्होरे यांच्या प्रयोगशाळेंत शिकले. पुढें बर्कली येथें स्लिक्टर व सिद्दिकी यांच्यासह त्यांनीं २०११ सालीं एकट्या क्यूबिटवर सतत नजर ठेवून त्याच्या उड्या नोंदविल्या. त्या आलेखांत कांटा कांहीं काळ वरच्या रेषेवर राहतो आणि मग, कोणतेंही पूर्वचिन्ह न दाखवितां, एकदम खालीं येतो. आइन्स्टाइन यांना १९१६ सालीं खटकलेली यदृच्छा ती हीच. आतां ती कागदावर उमटली होती. मुंबईच्या गटानें २०१७ सालीं तीन क्यूबिटांचें काम एकाच मंडलाकडून करून घेणारें ‘ट्रायमॉन’ नांवाचें साधन प्रसिद्ध केलें. त्यानंतर त्यांनीं वर्तुळाकार अनुनादकाची एक रचना शोधली, जिच्या योगें क्यूबिटाला केवळ लगतच्याच नव्हे तर दूरच्या शेजाऱ्यांशींही बोलतां येतें.

या रचनेवर बांधलेल्या सहा क्यूबिटांच्या गणकाची संपूर्ण चांचणी २०२४ च्या ऑगस्टमध्यें पुरी झाल्याचें जाहीर झालें. क्यूबिटांची आंखणी व घडण टाटा संस्थेची. ते चालविण्याचीं व वाचण्याचीं विद्युत्साधनें पुण्यांतील संरक्षण संशोधन विभागाच्या क्वांटम प्रयोगशाळेनें जुळविलेलीं. आणि दूरवरून गणित धाडण्याची व्यवस्था टी. सी. एस. या कंपनीची. सहा ही संख्या लहान आहे यांत शंका नाहीं. आय. बी. एम. या अमेरिकन कंपनीनें २०२३ च्या डिसेंबरांतच ११२१ क्यूबिटांची चकती जाहीर केली होती. परंतु क्यूबिटांची नुसती मोजदाद फसवी असते. प्रत्येक क्यूबिट किती काळ टिकतो हें पाहिल्याविना त्या संख्येला अर्थ येत नाहीं. १९९९ सालीं जी मुदत अब्जांश सेकंदांत मोजावी लागे ती २०२५ सालीं प्रिन्स्टन येथें एका सहस्रांश सेकंदाच्या पलीकडे गेली. एवढी मजल मुख्यत्वें धातु, पृष्ठभाग व तारा यांची स्वच्छता राखून गांठली गेली आहे. शीतयंत्राच्या वरच्या भागांतून खालीं क्यूबिटकडे उतरणाऱ्या तारेवर प्रत्येक मजल्यास लहरी क्षीण करणारा अडसर असतो, आणि परत येणारी वाचनाची लहर मोजक्या फोटॉनांची असल्यामुळें तिला वर येतांना प्रवर्धकाचा हात द्यावा लागतो. सहा क्यूबिटांच्या त्या चांचणींत गणित दूरच्या यंत्रावरून पाठविलें गेलें, थंड पेटींतील क्यूबिटांवर तें चाललें, आणि उत्तर त्याच वाटेनें पाठविणाऱ्याकडे परत पोंचलें.